भिंतीतलं पाणी

भाड्याच्या घरातला गळका नळ कुणाचाच नसतो. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचं तर नळही मालकाचा. मालक म्हणतो, पाणी तुम्ही वापरता, वायसर तुम्ही बदला. दोघांचं हे चालू असताना नळ आपला गळत असतो, आणि मग केव्हातरी मला फोन येतो.

जळगावात तीस वर्षांहून जास्त काळ मी नळांची आणि विजेची कामं केली. नाव सुपडू, पण नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. सगळे मिस्तरीच म्हणतात. त्याआधी काही वर्षं पाइपच्या कारखान्यात होतो. तिथे पाइप बनताना पाहिले आणि बाहेर पडल्यावर फुटताना पाहिले. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून हत्यारांची पिशवी दाराआड टांगून ठेवली आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी आणि वीज वाचवायची म्हणजे काहीतरी मोठं करावं लागतं. भाड्याच्या घरात मोठं काही करताच येत नाही. भिंत फोडायची नाही, लाइन बदलायची नाही, खिळा ठोकायचा तरी खाली जाऊन विचारायचं. म्हणून मी लोकांना सांगत आलो, की घर सोडताना काढून पिशवीत घालता येईल तेवढंच लावा. नळाच्या तोंडाला बारीक जाळी बसवली की धार मऊ होते आणि भांडी निम्म्या पाण्यात निघतात. एलईडी दिवे स्वतःचे लावायचे, जाताना मालकाचे बल्ब पुन्हा जागेवर. पश्चिमेच्या खिडकीला जुनी चादर बांधायची ती बाहेरून. आतून बांधली तर ऊन घरात येऊनच चादरीला भेटतं, आणि कूलर काही बंद होत नाही.

अमळनेरला एका प्राध्यापकांनी कुठेतरी वाचून फ्लशच्या टाकीत वीट ठेवली होती. टाकीत तेवढं पाणी कमी मावेल, हा हिशेब. कच्च्या भाजणीची वीट ती, काही दिवसांत विरघळली. चिखल झडपेखाली गेला आणि पाणी दिवसभर वाहत राहिलं. "पण मी तर बचत करत होतो!" सर मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी टाकी धुतली आणि विटेच्या जागी पाण्याने भरलेली बाटली ठेवली. सर इतके खजील झाले होते, की मला पायरीपर्यंत पोचवायला आले.

ती झाली हसण्यासारखी गोष्ट. सांगायला बसलो आहे ती वेगळी आहे, आणि तिच्यात चुकलो मी.

जळगावात रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या एका कॉलनीत भास्करआबांचं घर आहे. आबा एस.टी.तून निवृत्त झालेले, एकटे, शिस्तीचे. खाली स्वतः राहायचे, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे. महापालिकेचं पाणी रोज येत नाही. आलं की जमिनीतल्या टाकीत साठवायचं, मोटर लावून गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं, आणि तिथून ते दोन्ही मजल्यांना उतरायचं. म्हणजे आमच्याकडे पाणी वाया जाणं आणि वीज वाया जाणं ही दोन दुखणी नसतात. एकाच दुखण्याची दोन बिलं येतात.

एका चैत्रात आबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मिस्तरी, मोटर दिवसातून एकदा लावायचो. आता दोनदा लावतो, तरी संध्याकाळी टाकीत खडखडाट. वर माणसं दोनच. काय करतात ही एवढ्या पाण्याचं?"

ते मुद्दाम मोठ्याने बोलले नव्हते, पण जिना उघडा होता. वरून इंदुअक्कांचा आवाज आला, "मिस्तरी, वर या. आमचं घर बघून जा."

अक्का अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, आम्ही नाना म्हणायचो, अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत होते. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. मागच्या भिंतीला लागून त्यांची खाट होती आणि दिवसाचा बराच वेळ ते तिथेच बसलेले असायचे, हात मांडीवर, मान जराशी कलती, कुणी दुरून बोलवेल तर लगेच उठता यावं तशी.

मी ते घर बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं मी लोकांना पाणी कसं वाचवायचं ते सांगत होतो, आणि ही बाई माझ्या पुढे चार पावलं होती. ताटं आधी नारळाच्या शेंडीने कोरडी पुसून घ्यायची, मग धुवायची. कपड्यांचं शेवटचं पाणी मोरी धुवायला. खिचडीला एक कढ आला की गॅस बंद, आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून पेटीत. तासाभराने खिचडी आपोआप शिजलेली. कूलर दुपारी तेवढा लावायचा, तोही नानांसाठी.

"याहून कमी कसं करायचं, ते तुम्हीच सांगा," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात नाना बोलले. त्यांची बोली खेड्यावरची, अहिराणी. "पानी या भीतमा शे, भाऊ." त्यांनी मागे हात नेऊन भिंतीवर ठेवला. "दुपारले वाहस. सकाळले नही."

अक्का मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. यांचं गाव बोरी नदीच्या काठाला. डोळे गेल्यापासून दुपारची नदी ऐकू येते म्हणतात. मी डॉक्टरांना दाखवून आणलंय. गोळ्या चालू आहेत."

मी काय तपासलं ते सांगतो, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गच्चीवर गेलो. टाकीत पट्टी बुडवून पाण्याची पातळी खडूने नोंदली. दोन्ही मजल्यांवरचे नळ बंद ठेवायला सांगितले. नऊला पुन्हा पट्टी बुडवली. पाणी केसभरही उतरलं नव्हतं. मग खाली-वर सगळ्या भिंती हाताने चाचपल्या. कुठे ओल नाही, पोपडा नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपावर ठेवून मूठ कानाला लावली, की आतलं पाणी चालत असेल तर बारीक सूं ऐकू येतो. तसंही ऐकलं. काही नाही.

नानांच्या खाटेमागची भिंत मात्र मी ऐकली नाही. तिच्यामागे पूर्वी एक मोरी होती. आबांनी तिच्या तोंडावर भिंत बांधून घेतली, तेव्हा तिकडे जाणारी लाइन मीच बूच लावून बंद केली होती. जी लाइन मी बंद केली, ती बंदच असणार. हे मी मनात ठरवलंसुद्धा नाही. ते आधीपासून ठरलेलंच होतं.

निघताना नानांनी माझा हात धरला. बोटं गार आणि हलकी होती. "भाऊ, दुपारले ये."

"येतो, नाना," मी म्हणालो.

दुपारी जळगावात काय ऊन असतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. मी जेवलो आणि पंख्याखाली आडवा झालो. संध्याकाळी आबांना फोन केला आणि सांगितलं, "लाइन चोख आहे."

तीन शब्द. त्यांच्यापुढे आबांनी काय विचार केला असेल तो मला तेव्हाही कळत होता. लाइन चोख, तर मग पाणी माणसंच सांडतात.

दोन महिन्यांनी, पाऊस तोंडावर आला असताना, आबांच्या मोटरचं बटण बदलायला गेलो, तर दारात टेम्पो उभा. अक्कांनी नळांच्या जाळ्या काढून पिशवीत घातल्या होत्या, आबांचे जुने बल्ब पुन्हा लावले होते, फरशी पुसून काढली होती. आबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून होते. नाना टेम्पोत पुढे बसलेले. मी हाक मारली, त्यांनी मान वळवली, पण बोलले नाहीत.

अक्का म्हणाल्या, "धुळ्याला जातोय. माझ्या बहिणीच्या घराजवळ खोली मिळाली. हे आता बोलतच नाहीत फारसे." मग टेम्पोकडे बघत, "गोळ्यांनी बरं वाटत असेल."

आठवड्यातच पाऊस आला. वरच्या खोल्या रिकाम्या होत्या आणि मोटर पुन्हा दिवसातून एकदाच लागू लागली. हिवाळ्यातही तसंच. आबा भेटले की म्हणायचे, "बघ, माझा अंदाज बरोबर होता ना?" मी हो म्हणायचो. खरं सांगायचं तर मला बरंही वाटायचं, कारण त्यांचा अंदाज बरोबर तर माझं कामही बरोबर.

संक्रांतीनंतर वर एक नोकरी करणारं जोडपं राहायला आलं. दोघं सकाळी कुलूप लावून जायची, दिवेलागणीला यायची. पुढच्या चैत्रात आबांचा फोन आला. या वेळी आवाज खालच्या पट्टीतला होता.

"मिस्तरी, दिवसभर वर कुणी नाही. नळ बंद, माझ्याकडच्या किल्लीने उघडून मी स्वतः पाहून आलो. तरी टाकी उतरते. तू जरा ये." मग म्हणाले, "दुपारी ये."

त्यांना तो शब्द सुचला तो योगायोग. पण नानांनी धरलेला हात मला आठवला.

दोन वाजता पोचलो. आठवणीत ते घर मला त्याच दुपारचं दिसतं. सगळी कॉलनी पडदे लावून झोपलेली. कुठल्याशा गच्चीवर चिंधी बांधलेली दोरी, तीही हलत नव्हती. कूलरांची एकच एक घरघर सगळ्या गल्लीवर पसरली होती, आणि तिच्याखाली उन्हाचा स्वतःचा असा आवाज. लहानपणी शेतात ऐकलेला. कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून कधी सांगितला नव्हता. जिना चढताना मला वाटलं, नाना दिवसभर असंच ऐकत बसलेले असतील. आम्ही डोळे उघडे ठेवून फिरणारे लोक जिथे नुसते ये-जा करतो, तिथे ते राहत होते.

खोली रिकामी होती. जोडप्याने खाट दुसऱ्या भिंतीला लावली होती. मी मागच्या भिंतीपाशी फरशीवर बसलो आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला.

पाणी वाहत होतं.

बारीक, सलग, घाई नसलेलं. दगडगोट्यांवरून उन्हाळ्यात नदीची एकच धार उरते, तिच्यासारखं. मी डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. काम विसरलो. दारात उभे असलेले आबा विसरलो. मला माझ्या आजोळच्या नदीचं पात्र आठवलं, त्यातल्या ओल्या वाळूत पाय रोवून बसलेलो मी, आणि आईचं लुगडं वाळत घातलेलं. वय झालेल्या माणसाने डोळे मिटावेत आणि असं काही ऐकू यावं, याला काही गोळ्या द्याव्या लागत नाहीत.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"भिंत फोडावी लागेल," मी म्हणालो.

फोडली. आत ती जुनी मोरी, अंधारी, आणि तिच्यात माझा बूच. त्याला केसासारखी चीर गेली होती. लाइन गच्चीवरून उघड्या उन्हात येत होती. सकाळी प्लास्टिक गार असायचं तेव्हा चीर मिटून राहायची, म्हणून माझी खडूची खूण हलली नाही. ऊन चढलं, पाइप तापून ताणला गेला, की ती उघडायची. पाऊस-हिवाळ्यात तर मिटलेलीच. आणि पाणी पडायचं ते सरळ मोरीच्या जुन्या भोकात, तिथून गटारीत. म्हणून भिंतीला ओल नाही, कुठे डाग नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या कानाशिवाय कशालाच पत्ता नाही.

मी बूच काढला, आबांच्या हातात दिला आणि सांगितलं, "हा मी बसवलेला आहे."

आबा तो बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी त्यांना एक शब्द वाकडा बोललो नव्हतो रे. पण जिन्यात भेटले की मान फिरवायचो. शेवटी अक्का स्वतःच म्हणाली, आम्ही खोली सोडतो." मग बूच खिशात घालत म्हणाले, "सकाळची पहिली गाडी धरू. दोघं जाऊ."

धुळ्याच्या गाडीत आबांनी खिडकी मला दिली. बाहेर कपाशीची रिकामी रानं, मधेच पारोळ्याचा थांबा, परत रानं. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात उन्हाला, प्लास्टिकला, कशाला ना कशाला दोष देत होतो. धुळं आलं तेव्हा एकही वाक्य उरलं नव्हतं.

अक्कांची खोली पांझरा नदीच्या अलीकडे, एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होती. एकच खोली, पत्र्याची. पण आत शिरताच जाणवलं, बाहेरच्यापेक्षा इथे गार आहे. पत्र्यावर चुना मारलेला होता, खिडकीला बाहेरून ओलं गोणपाट. नाना खिडकीजवळ बसलेले. वर्षभरात बारीक झाले होते.

अक्कांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा आधी कडक झाला. तरी पाणी दिलं. धुळ्यात पाणी जळगावपेक्षाही जास्त दिवसांनी यायचं, हे ठाऊक असल्यामुळे तो पेला हातात जड वाटत होता.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. लाइन माझी, बूच माझा, चीर दुपारी उघडायची, आणि दुपारी मी आलो नाही.

मग नानांनीच विचारलं, "कथा व्हतं?" म्हणजे, कुठे होतं?

"तुमच्या खाटेमागे, नाना. हाताने दाखवली होती ती जागा. तिथून वीतभर खाली."

"मनी खाटजोडेच व्हतं ना?"

"खाटेजवळच होतं."

ते हसले. तोंडात दात थोडेच होते, पण सगळा चेहरा हसला. खांदे हलले. एखाद्या पोराने लपवलेली गोटी अचूक शोधावी तसे ते स्वतःवर खूश झाले होते, आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

आबा म्हणाले, "अक्का, मी त्या जोडप्याशी बोलतो. खोल्या तुमच्याच आहेत. परत या. चुकलो मी."

"खोली तर मिळेल, आबा," अक्का म्हणाल्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. "तुम्ही परके. तुम्हाला संशय आला, तुम्ही मान फिरवली. मिस्तरींनी तपासलं, त्यांना सापडलं नाही. मी तर बेचाळीस वर्षं यांच्याजवळ आहे. मी काय केलं? डोक्यात बिघाड आहे म्हणून डॉक्टरांकडे नेलं. गोळी घेतली की दिवसभर गुंगीत पडायचे. मला वाटायचं, बरं झालं, गप्प आहेत."

त्या उठून नानांजवळ गेल्या आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. आता त्या आमच्याशी बोलत नव्हत्या, म्हणून त्यांच्या घरच्या भाषेत बोलल्या.

"तुमनं खरं व्हतं. मीच नही ऐकं."

नानांनी हात पुढे करून चाचपत त्यांचं डोकं शोधलं. "माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "तू रडे म्हनीसन मी बोलनं बंद करं."

म्हणजे ते गप्प गोळ्यांनी झाले नव्हते. आपण बोललो की बायको रडते, म्हणून तो माणूस गप्प झाला होता. वर्षभर सगळं ऐकत होता, आणि आतल्या आत ठेवत होता.

आबा उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मीही निघालो. परत येण्याचं त्यांनी काही ठरवलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. बहीण जवळ होती, पत्रा गार केलेला होता, आणि सोडलेल्या घरात पुन्हा जायला अक्कांचं मन होईना. आबांनी आग्रह केला नाही. गोळ्या मात्र त्याच आठवड्यात बंद झाल्या, हे अक्कांनीच मला फोनवर सांगितलं. मी पुढे काम सोडेपर्यंत कुठल्याही घरी एकाच वेळी तपासून निकाल दिला नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा. लोक म्हणायचे, मिस्तरी म्हातारा झाला, दोन खेपा घालतो.

पण त्या दिवशी दारात चपला घालताना मी मागे वळून पाहिलं. अक्का अजून तिथेच बसल्या होत्या. नानांनी मान कलती केली, खिडकीच्या दिशेने.

"समोर कोन्ही गहू पाखडी ऱ्हायनं का?" त्यांनी जरा बिचकत विचारलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. अक्का उठल्या, गोणपाट बाजूला सारून त्यांनी बाहेर पाहिलं. उन्हाची एक पट्टी खोलीत आली. गल्लीपलीकडे, दोन घरं सोडून एका गच्चीवर, एक बाई सूप घेऊन बसली होती.

अक्कांनी मान हलवली. मग यांना ते दिसणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "हा, शे. एक बाई शे. पाखडी ऱ्हायनी."